अंगठ्याखालची ओळ

तिसऱ्यांदा परत आलेलं हस्तलिखित ताईने काउंटरवर आपटलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून जाहीर केलं, "संपलं. आजपासून कविता बंद."

आत तिचा थोरला भाऊ काच घासत होता. चष्म्याचं दुकान दोघांचं. बाहेर बसून लोकांचे डोळे तपासायचे आणि नंबर काढायचा हे ताईचं काम, त्या नंबराच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या हे दादाचं. घासायचं मशीन चालू असलं की दादाला अर्धंच ऐकू येई, आणि त्या अर्ध्यातलंही तो सोयीचं तेवढंच ऐके.

"बरं," तो म्हणाला. "मग आता तरी तो चष्म्यांच्या तुटक्या काड्यांचा डबा आवरशील."

त्याचं तरी काय चुकलं? कविता बंद झाल्याची घोषणा त्याने आजवर पाचसहा वेळा ऐकली होती, आणि दर वेळी आठवड्याभरात ताई चष्म्यांच्या पाकिटांमागे काहीबाही खरडताना सापडली होती. एकदा तर एका गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर अर्धी कविताही घरी गेली. त्याने ती दुसऱ्या दिवशी इमानदारीत परत आणून दिली आणि वर विचारलं, हे पुसायचं फडकं कसं धुवायचं त्याची माहिती आहे का?

पंचविसाव्या वर्षी ताईचा पहिला संग्रह निघाला होता. तीनशे प्रती. एका वर्तमानपत्राने त्यावर चार ओळी लिहिल्या आणि शेवटी तिला 'आश्वासक कवयित्री' म्हटलं. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती आणि ताई अजून आश्वासकच होती. मधल्या काळात तिने वह्या भरल्या, मासिकांना कविता पाठवल्या, काही छापून आल्या, बऱ्याच आल्या नाहीत. एका कवितावाचनात तिचा क्रमांक शेवटचा लागला, तेव्हा सभागृहात सहा माणसं उरली होती. त्यांतले चार कवी, आपलं वाचून झालं तरी लाजेकाजेस्तव बसून राहिलेले, एक माइकवाला आणि एक दादा. दादा झोपला होता. टाळ्यांनी जागा झाला आणि म्हणाला, छान झाली. यावरून ताईने त्याला पुढे कित्येक वर्षं छळलं.

या वेळच्या पत्रात प्रकाशकाने फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं की कविता प्रामाणिक आहेत, पण आज कवितेला वाचक उरलेला नाही, तरी क्षमस्व. नकार ताईला नवे नव्हते, सर्दी अंगावर काढावी तसे ती ते अंगावर काढायची. पण 'वाचक उरलेला नाही' हे शब्द तिला लागले, कारण अलीकडे मनातून तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि हस्तलिखितासकट सगळ्या वह्या माळ्यावर, जुन्या फ्रेमच्या खोक्यामागे ढकलून दिल्या. एवढं मात्र तिने याआधी कधी केलं नव्हतं. दादाने मशीन बंद केलं आणि दारात येऊन उभा राहिला.

"कविराज, पडशील," तो म्हणाला. लाडात असला की तो तिला कविराज म्हणायचा.

"मला एक वाचक दाखव," ताई स्टुलावरूनच म्हणाली. "आपल्या घरातला सोडून एक. ज्याला माझी एक ओळ, एकच ओळ, आठवते असा. आणलास तर वह्या खाली काढते. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

दादाने थोडा वेळ खरोखर विचार केला. मग त्याने स्टूल धरून ठेवलं, ती उतरेपर्यंत.

तसं पाहिलं तर ताईची एक कविता दुकानातच होती आणि रोज पंधरावीस माणसं ती वाचत होती. पण ताई ती मोजत नसे.

त्याचं असं झालं होतं. जवळची नजर तपासायला एक वाचनाचं कार्ड लागतं. वरची ओळ ठसठशीत, खालची जरा लहान, असं करत करत शेवटची ओळ मुंगीएवढी. दुकानात वडिलांच्या काळापासूनचं एक कार्ड होतं, त्यावर पिण्याचं पाणी झाकून ठेवण्याचे फायदे दिले होते. म्हातारी माणसं ते शाळेतल्या धड्यासारखं हेल काढून वाचायची. चार वर्षांपूर्वी त्याचा कोपरा फाटला, तेव्हा ताईने कोणाला न विचारता स्वतःच आठ ओळी लिहिल्या, आठ आकारांत छापून घेतल्या आणि त्यावर प्लास्टिक चढवून आणलं. खाली नाव घातलं नाही. कार्डावर कोणी नाव घालतं का?

दिवा लावते.
थांब जरा.
तुझा चेहरा
आधी आवाजात दिसू दे.
इतकी वर्षं मी तुला
लांबून वाचत आले,
आता अक्षरं बारीक होत चाललीत
तर म्हणते, जवळ येऊन बस.

लिहिताना तिला मजा आली होती. जे सगळ्यात मनातलं, ते सगळ्यात बारीक अक्षरात, ही कल्पनाच तिला आवडली होती. पण दुकानात बसलं की कवितेची कविता राहत नाही. लोक ती वाचत नव्हते, अक्षरं वाचत होते. "पाचव्या ओळीपर्यंत बरी आहे, पुढे काही कळत नाही," असं कोणी म्हणालं की ताईने काच बदलायची. "शेवट अगदी धूसर आहे," असं कोणी म्हणालं की आणखी एक काच. चार वर्षांत तिच्या कवितेवर एवढी टीका दुसऱ्या कुणीही केली नव्हती.

वह्या माळ्यावर गेल्या त्याच आठवड्यात प्रॉम्प्टरबाई आल्या. या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, सत्तरी ओलांडलेल्या. एका नाटक कंपनीत त्यांनी बत्तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं होतं. म्हणजे विंगेत, अंधारात, मांडीवर संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द अशा आवाजात सांगायचा की त्याला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये. तो आवाज अजून तसाच होता. बाई बोलायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप पुढे झुकायचा.

"वाचताना हल्ली धुकं वाटतं," बाई म्हणाल्या. "उजेडात जास्त. काचेवर ओरखडे पडलेत बहुतेक."

ओरखडे होतेच. ताईने मशीनवर नंबर पाहिला, जवळपास जुनाच आला. दूरचा तक्ता बाईंनी कुरकुर न करता वाचला. मग चाचणीची फ्रेम नाकावर चढवून ताईने त्यांच्या हातात कार्ड दिलं, आणि बाईंनी आठही ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत अशा वाचल्या की ताईचे हात क्षणभर थांबले. हेल काढला नाही, कुठे ठेचकाळल्या नाहीत. 'थांब जरा'नंतर बाई खरोखरच जरा थांबल्या.

"नंबर तोच आहे," ताई म्हणाली. "काचा तेवढ्या नव्या टाकू."

त्या दिवशी तिला फार बरं वाटलं. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी एक बाई तरातरा दुकानात शिरली. प्रॉम्प्टरबाईंची भाची, बाई तिच्याकडेच राहायच्या. मागोमाग बाई, एक हात भाचीच्या खांद्यावर.

"तुम्ही हिचे डोळे तपासले की नुसते पाहिले?" भाचीने सुरुवातच अशी केली. "परवा हिने रक्तदाबाची गोळी समजून झोपेची घेतली. दुपारी चारपर्यंत हलवून हलवून आम्ही दमलो. दोन्ही पाकिटांवर ठळक नावं आहेत. मी म्हटलं, वाचता येत नाही का, तर म्हणते, ताईंनी नंबर बरोबर काढलाय."

ताई म्हणाली, "पण त्यांनी सगळ्यात बारीक ओळ वाचली होती. माझ्यासमोर."

"मग पुन्हा वाचायला सांगा. माझ्यासमोर."

बाई खुर्चीत बसल्या. आपल्यामुळे दोघी भांडताहेत याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि म्हणून त्या अगदी शहाण्यासारख्या ताठ बसल्या होत्या. या वेळी अंतर चुकायला नको म्हणून कार्ड ताईनेच धरलं, दीड वीत मोजून. बाईंनी वाचायला सुरुवात केली. दिवा लावते. थांब जरा. तसंच, तीन आठवड्यांपूर्वीसारखं. भाचीचा चेहरा बदलत गेला. सहावी ओळ, सातवी. "तर म्हणते, जवळ येऊन बस," बाई म्हणाल्या, आणि भाची म्हणाली, "कमाल आहे."

ताई आपल्या हाताकडे पाहत होती. कार्ड खालून धरल्यामुळे तिचा अंगठा शेवटच्या ओळीवर आडवा पडला होता. ती ओळ कुणालाच दिसत नव्हती. तिला स्वतःलाही दिसत नव्हती.

त्यानंतर जे झालं ते तिने दादाला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. आधी तिला आनंद झाला. अर्धा सेकंद, पण निखळ आनंद, लहानपणी पहिल्या नंबराने पास झाल्यावर व्हायचा तसा. हिला पाठ आहे. माझी ओळ कुणालातरी पाठ आहे. आणि मग उरलेल्या अर्ध्या सेकंदात तिच्या लक्षात आलं की म्हणजे हिने वाचलेलंच नाही. त्या पहिल्या अर्ध्या सेकंदाची लाज तिला पुढे बरेच दिवस पुरली.

तिने खणातून जुनं, कोपरा फाटलेलं कार्ड काढलं आणि बाईंसमोर धरलं. या वेळी अंगठा बाजूला ठेवून.

"पिण्याचे पाणी," बाईंनी वाचलं. "नेहमी झाकून…" मग त्या थांबल्या. मान पुढे केली, मागे केली, तिरकी केली. दुकानात फक्त आतल्या मशीनचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

"ठेवावे," बाई म्हणाल्या. "ठेवावे असणार. पण दिसत नाहीये."

"मावशी," भाची खाली बसली. "मग तू आम्हाला फसवत होतीस का इतके दिवस?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. त्यांनी चाचणीची फ्रेम काढून मांडीवर ठेवली होती आणि तिच्यावरून बोट फिरवत होत्या. "मला खरंच दिसत होतं. आता काय सांगू तुला. बत्तीस वर्षं मी पानावर नजर ठेवून बसले. पन्नासाव्या प्रयोगापर्यंत सगळं पाठच झालेलं असतं, पण पान समोर लागतं. शब्द आधी कानात येतो, मग पानावर दिसतो. मला वाटायचं वाचणं म्हणजे असंच असतं." त्या ताईकडे वळल्या. "हे चार वर्षं वाचतेय ना तुमच्याकडे. पहिल्या वेळी खरं वाचलं असेन. नंतर कधी वाचायचं थांबले आणि म्हणायला लागले, मला कळलंच नाही."

ताईने फाटकं कार्ड काउंटरवर उलटं ठेवलं.

"घरीसुद्धा म्हणत असते ही ते," भाची म्हणाली. तिचा राग कुठच्या कुठे गेला होता आणि आता नुसती काळजी उरली होती. "भांडी विसळताना. जवळ येऊन बस, जवळ येऊन बस. मला वाटायचं, कुठल्यातरी नाटकातलं आहे."

"कुणाचं आहे हो ते?" बाईंनी विचारलं.

आतल्या दारात दादा येऊन उभा होता, हाताला काचेची पांढरी पूड. त्याने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली, नाही अशी.

"असंच," ती म्हणाली. "कुठूनतरी घेतलंय. तुम्ही आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी चिठ्ठी देते आणि फोनही करते."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूने धरलेला, त्यामुळे दूरचं बरं दिसत होतं आणि जवळचं आधी गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ताईला समजावून सांगितलं. उजव्याची शस्त्रक्रिया लगेच करू, डाव्याची मागाहून. पण मोतीबिंदू नेमका मधोमध आहे, त्यातून मागचा पडदा नीट दिसत नाही. पडदा चांगला असेल तर बाई पुन्हा वाचतील. नसेल तर नाही. ते काढल्यावरच कळेल.

"कार्डावर शेवटपर्यंत वाचत होत्या असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते कसं शक्य आहे?"

"कार्ड पाठ होतं त्यांना," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा आपली कविता कुणाला पाठ आहे असं सांगायची वेळ आली होती आणि तिला तोंड लपवावंसं वाटत होतं.

तिने आपलं कार्ड खणात तळाशी घातलं. दोन दिवस गिऱ्हाइकांनी पाणी झाकून ठेवण्याचे फायदे वाचले. तिसऱ्या दिवशी डबा खाताना दादा म्हणाला, "विषय काढू नको म्हणाली होतीस. पण तू मागितलेला वाचक तुझ्या खुर्चीत येऊन बसून गेला."

"त्याचं कौतुक सांगू नकोस मला. माझ्या त्या ओळींपायी तिला महिनाभर चुकीचा चष्मा मिळाला. भलत्या गोळ्या घेतल्या तिने. कविता लोकांच्या डोळ्यांवर येते हे आता मी सिद्धच करून दाखवलंय."

दादाने डब्याचं झाकण लावलं. तो फारसं बोलणारा माणूस नव्हता, आणि बोलला तर मशीनबद्दल बोलायचा.

"मी घासायचं चाक सहा महिन्यांनी बदलतो," तो म्हणाला. "गुळगुळीत झालं की ते काच घासत नाही, नुसतं फिरतं. मग काच बिघडली तर चाकाला दोष द्यायचा का? तू चार वर्षं एकच कार्ड चालवलंस. का? तर दुसरं लिहिलं नाहीस. वह्या भरत होतीस, पत्रं पाठवत होतीस, पण समोर बसणाऱ्या माणसासाठी पुन्हा आठ ओळी लिहाव्यात हे तुला सुचलं नाही. चूक कवितेची नाही, तुझ्या आळसाची आहे."

ताई रागाने लाल झाली. थोरला भाऊ असला म्हणून काय झालं, जो माणूस सभागृहात झोपतो त्याने आळसाबद्दल बोलावं? तिने तसं बोलूनही दाखवलं. दादा म्हणाला, "मी झोपलो, पण पळून गेलो नाही," आणि आत निघून गेला. दुपारभर ती त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी तिने तुटक्या काड्यांचा डबा आवरायला घेतला, त्यावरून दादाला कळलं की लागायचं ते लागलंय.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. भाचीचा फोन आला. पट्टी सुटली होती, उजेड दिसत होता, माणसं दिसत होती, पण सूज उतरेपर्यंत वाचायचं नाही असं सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी नंबर काढायला या म्हणे.

"आणि मावशीचा निरोप आहे," भाची म्हणाली. "आता ते झाकलेलं पाणीही तिला पाठ झालंय. त्या दिवशी तुम्ही मला वाचून दाखवलंत ना, चिठ्ठी लिहिताना, कुठवर दिसलं ते सांगायला? तेवढ्यात झालं. तेव्हा तिसरं काहीतरी काढून ठेवा, तिने कधीच न ऐकलेलं. नाहीतर दिसतंय की आठवतंय ते तिला स्वतःलाही कळायचं नाही, असं म्हणते. आणि त्या आधीच्या कवीचंच मिळालं तर बरं होईल."

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ काउंटरवरच्या काचेत स्वतःचा चेहरा पाहत बसली. मग तिने स्टूल ओढलं.

वह्यांवर दीड महिन्याची धूळ होती. तिने हस्तलिखित उघडलं, त्यातली एखादी कविता आठ ओळींत बसते का पाहिलं. एकही बसेना. काही चांगल्या होत्या, हे तिलाही पटलं. पण त्या सगळ्या कुणालाच उद्देशून नव्हत्या. वाचक नाहीच हे गृहीत धरून लिहिलेल्या, पाठ फिरवून बोलल्यासारख्या. आणि इथे तर वाचक ठरलेला होता, त्याची वेळ ठरलेली होती, तो कोणत्या खुर्चीत बसणार तेही ठरलेलं होतं.

मग रोज दुपारी, गिऱ्हाईक नसलं की, ताई चष्म्यांच्या पाकिटांमागे लिहायला लागली. लिहायची, फाडायची. एकदा तर आठ ओळी जमल्या आणि पाहते तो शेवटच्या ओळीत नुसती शोभा होती. एवढ्या बारीक अक्षरांसाठी एखाद्याने डोळे ताणायचे आणि हाताला हे लागायचं? तिने ते पाकीट कचऱ्यात टाकलं. भीतीही होतीच. पडदा गेलेला असेल तर यातलं काहीच कामाचं नव्हतं. पण तिला आठवत होतं त्याप्रमाणे, गेल्या कित्येक वर्षांत एखाद्या कवितेची तिला इतकी गरज पडली नव्हती.

ठरल्या दिवशी भाची बाईंना घेऊन आली. बाईंनी काळा चष्मा घातला होता आणि त्यात त्या एखाद्या निवृत्त हेरासारख्या दिसत होत्या, असं दादा म्हणाला. बाई हसल्या. पण खुर्चीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

ताईने नंबर काढला. डाव्या डोळ्यावर झाकण लावलं, उजव्यापुढे काच बसवली, आणि नवं कार्ड त्यांच्या हातात दिलं. आज स्वतः धरलं नाही.

बाईंनी कार्ड डोळ्यांपुढे धरलं. वाचायला लागण्यापूर्वी त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं ते केलं, खाकरून घेतलं.

"पुन्हा सुरुवात," त्या वाचू लागल्या. "पाटी कोरी नाही, पुसलेली आहे."

हळूहळू येत होतं. पूर्वीसारखं ओघवतं नाही. एकेक शब्द शोधून, उचलून, पाहून. वाचणं असंच असतं हे ताईच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

"पुसलेलं दिसतं थोडं. त्यावरच… लिहावं लागतं. हात थरथरला तर… अक्षर वाकडं येईल."

सात ओळी झाल्या. आठवी मुंगीएवढी. बाई थांबल्या. भाचीने ताईकडे पाहिलं. ताईने दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं. बाईंनी कार्ड थोडं लांब धरलं, परत जवळ आणलं, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी पडली.

"नाही दिसत?" ताईने विचारलं. तिचा आवाज बाईंच्या आवाजाएवढा झाला होता.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "येऊ दे, वाचणारं कुणीतरी खोलीत आहे. स्पष्ट दिसतंय. पण इथे नट अडखळेल."

"काय?"

"'खोलीत' कशाला? खोलीत आहे हे दिसतंच आहे की. येऊ दे, वाचणारं कुणीतरी आहे. एवढंच बोलावं आणि गप्प बसावं. कवीला सांगा."

भाची आधी हसायला लागली आणि मग रडायला, आणि मग दोन्ही एकदम. ताईचा जीव भांड्यात पडला, पण ती तशीच उभी होती. दादाला मात्र राहवलं नाही.

"कवीला कशाला निरोप पाठवताय? तोंडासमोर उभी आहे तुमच्या."

"ते माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय का मी एवढं स्पष्ट बोलले? जन्मभर अंधारात बसून दुसऱ्यांचे श्वास ऐकलेत मी. मागच्या कार्डाची शेवटची ओळ आली की दर वेळी या श्वास रोखून धरायच्या. चार वर्षं. चष्मेवाल्यांना कशाला एवढी धाकधूक असते?"

ताई खुर्चीपाशी खाली बसली. तिने काउंटरवरची पेन्सिल घेतली, बाईंच्या हातातलं कार्ड आपल्याकडे ओढलं आणि 'खोलीत'वर काट मारली. ओळ मनात म्हणून पाहिली. मग मोठ्याने. बाईंचं बरोबर होतं, आणि याचा तिला थोडा रागही आला.

"डाव्या डोळ्यानंतर पुन्हा यायचंय ना?" ती म्हणाली.

"यायचंय. पण तेव्हा हे चालायचं नाही. हे पाठ झालं."

"एकदाच वाचलंत."

"मग? किती वेळा लागतं?" बाई म्हणाल्या. "नवं लिहून ठेवा. आणि खाली नाव घालत चला. आठव्या ओळीच्या खाली, आणखी बारीक. ते वाचता आलं की डोळे बरे झाले असं मी समजेन."

"प्लास्टिक चढवायचं राहिलंच आहे अजून," दादा आतून म्हणाला. त्याने मशीन काही सुरू केलं नाही.

ताईने कार्ड मांडीवर घेतलं. पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा एकदा केलं, आणि आठव्या ओळीच्या खाली, लिहिता येईल तितक्या बारीक अक्षरात, आपलं नाव लिहिलं. दुकानात, घरात, गल्लीत गेली वीस वर्षं तिला सगळे ताईच म्हणत होते. नाव लिहून झाल्यावर ते तिला स्वतःलाच जरा परकं वाटलं.

बाईंनी कार्ड हातात घेतलं. खिडकीकडे वळून उजेडात धरलं, अंगठा बाजूला सरकवला, आणि विंगेतल्या त्या आवाजात नव्हे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात तिचं नाव वाचलं, आडनावासकट, कुठेही न अडखळता.